वरच्या ओळीतलं नाव

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते जळगाव जामोदच्या शाळेतल्या आमच्या इंग्रजीच्या मास्तरांचं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तो त्यांच्यामुळे.

इंग्रजीचं वाचनपुस्तक वर्गात दोघातिघांकडेच असायचं. मास्तर त्यातला धडा जांभळ्या शाईनं लिहून काढत, उथळ ताटात थिजवलेल्या सरसाच्या चिकट थरावर तो कागद दाबून शाई त्यात उतरवत आणि मग एकेक कोरा कागद लावून प्रती उमटवत. पहिल्या प्रती ठळक यायच्या. त्या कमी दिसणाऱ्या पोरांना. सगळ्यात फिकी मास्तर स्वतःकडे ठेवत. प्रत्येक कागदावर वरच्या ओळीत लेखकाचं आणि प्रकाशकाचं नाव.

"मास्तर, हे काऊन लिहता? परीक्षेत तर येत नाही," एकानं विचारलं.

"अबे, ज्याच्या वावरातली बोरं खातो, त्याचं नाव तरी घेशील का नाही?"

एकदा त्या प्रकाशकाचा फिरता एजंट हेडमास्तरांबरोबर वर्गात आला. वादळात सापडलेल्या होडीचा धडा चालला होता. त्यानं बाकावरचा कागद उचलला.

"गुरुजी, अक्षर तुमचं?"

"हो, माझंच."

"आणि धडा?"

"तो त्यांचा. वर लिहिलंय ना."

एजंट हसला. "चोरानं मागं पावती ठेवलेली आजच पाहिली!"

हेडमास्तर हळूच म्हणाले, "पोरांनीच उतरवलं म्हणा. निभावून जाईल."

"लेकरांवर कशाले ढकलू?" मास्तर म्हणाले.

प्रकाशकानं घातलेल्या कोर्टाच्या धाकानं शाळेच्या समितीनं त्यांना कामावरून काढलं. जाण्याआधी सगळ्या प्रती त्यांना आमच्याकडून गोळा कराव्या लागल्या, आणि अंगणात त्यांच्याच हातानं जाळाव्या लागल्या. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. धडा अर्धाच झाला होता.

ते देऊळगाव राजाला भावाच्या दुकानात बसू लागले. पुन्हा कुठल्या शाळेत त्यांनी पाऊल ठेवलं नाही, असं ऐकलं. मी नागपूरला कायदा शिकायला गेलो आणि तिथून त्यांना पत्र टाकलं. ते पोचण्याआधीच मास्तर गेले होते, हे मला फार उशिरा समजलं. पत्र असं होतं:

"ती. मास्तरांस सा. न. वि. वि.

लेखकाच्या हक्काचा कायदा आज वर्गात झाला. अभ्यासापुरत्या रास्त वापराला त्यात जागा आहे. आपल्या प्रती त्यात बसल्या असत्या का, असं मी विचारलं. आमचे प्राध्यापक म्हणाले, नक्की सांगता येत नाही, वाद घालता आला असता. आपल्या बाजूनं तो कोणी घातलाच नाही, याचं वाईट वाटतं.

होडीच्या धड्याचा शेवट आपणास ठाऊकच आहे. मला तो काल इथल्या ग्रंथालयात मिळाला. बसून वहीत उतरवून घेतला. लेखकाचं नाव आधी लिहिलं, मग धडा.

आपला विद्यार्थी"