सकाळी लावलेली धार

बर्फाच्या रिंकवर स्केटिंगचे बूट भाड्याने देणाऱ्या खिडकीच्या मागे एक अरुंद खोली होती. तिथे बावीस वर्षं धारवाले बसायचे. पाठीशी नंबर घातलेल्या बुटांची फळी, पुढ्यात गरगरणारं चाक, आणि मिशीत लोखंडाची एवढी भुकटी की शिंकले तर ठिणगी पडेल, असं तिकीटवाला म्हणायचा. माणूस तसा मुखदुर्बळ, पण धारेचा विषय निघाला की ऐकणाऱ्याची खैर नाही. म्हणे स्वतःच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या हातातली सुरी घेतली आणि विचारलं, "ही सुरी की चमचा?" खरंखोटं बायको जाणे. हा किस्सा निघाला की ती अजूनही हसत नाही, त्यावरून खरा असावा.

अशा माणसाच्या पोटी बर्फावर उडणारी पोर आली. चौदा वर्षांची, काटकुळी. उंच उडून हवेत दोन गिरक्या घ्यायची आणि एका पायावर अशी उतरायची की बाकावरच्या आयांच्या हातातलं विणकाम थांबायचं. मोठ्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात दर वर्षी एका स्पर्धेतून एकच मुलगी घेत आणि तिचा सगळा खर्च तेच करत. पंधरा पूर्ण झाली की दार बंद. म्हणजे पोरीला यंदाची स्पर्धा पहिली नसली तरी शेवटची होती.

आता त्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. स्पर्धेच्या आधी चार दिवस पात्याला धार लावायची नाही. ताजी धार बर्फाला धरून बसते. सरावाने ती जरा मवाळ झाली की मगच पाय सुळकन सरकतो. हा नियम धारवाल्यांनीच शंभर आयांना दटावून दटावून पाठ करून घेतला होता.

स्पर्धेच्या सकाळी मुलीचे केस आई आत बांधत होती. बूट बाकावर होते आणि शेजारी लालकोटवाली होती. हिची मुलगीही स्पर्धेत होती, आणि हिच्या नजरेतून काही सुटलं तर तो दिवस फुकट गेला म्हणायचं. ती वाकली.

"अगंबाई! हा ओरखडा कसला? काय हो धारवाले, जगाची पाती पाजळता आणि घरच्या पोरीचं हे असं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?"

सगळा बाक खिदळला. ओरखडा केसाएवढा, पात्याच्या बाहेरच्या अंगाला होता. त्याने काडीचा फरक पडणार नव्हता, आणि हे धारवाल्यांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण बावीस वर्षांत त्यांच्या हाताला कुणी हसलं नव्हतं.

"पुसून आणतो," म्हणाले आणि बूट घेऊन खोलीत गेले.

ओरखडा चाकावर दोन हात फिरवताच गेला. पण पातं चाकाला टेकलं की हा माणूस थांबतोय थोडाच! अजून दोन हात, मग दुसऱ्या पात्याचेही चार. धार अशी लागली की त्यांनाच कौतुक वाटलं.

सरावाच्या पाच मिनिटांत मुलगी कठड्याशी आली. चेहरा उतरलेला.

"बाबा, पातं अडकतंय. धार लावलीत का?"

शेजारी तिला शिकवणाऱ्या बाई होत्या, आणि दोन हातांवर लालकोटवाली कान टवकारून बसलेली. धारवाल्यांच्या खिशात घासायचा दगड होता, त्यांचा हातही त्यावरच होता. "हो" म्हणायचं आणि धार मवाळ करायला चार वेळा दगड फिरवायचा, एवढंच काम होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "बर्फच कडक आहे आज."

मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ती मान डोलावून गेली. बाप धारेबद्दल चुकत नाही, हे ती बोलायला लागल्यापासून ऐकत आली होती.

संगीत सुरू झालं. धारवाल्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. पहिली उडी ओढूनताणून सावरली. दुसरीच्या आधी तिने वेग घेतला, आणि ते पुटपुटले, "नको, साधी मार, साधी मार." तिने दोन गिरक्यांची मारली. उतरली तेव्हा पातं बर्फात जिथल्या तिथे उभं राहिलं. पाय थांबला आणि बाकीचं अंग मात्र फिरत राहिलं. गुडघ्याचा आवाज कठड्यापर्यंत आला.

आतल्या खोलीत डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावला आणि ते थेट मोठ्या इस्पितळाला फोन लावायला गेले. बाईंनी बूट उचलून अंगठ्याचं नख पात्यावरून ओढलं. नखाचा पांढरा भुगा पडला.

"ही आजची धार आहे," बाई म्हणाल्या. "कोणी लावली?"

"मीच सांगितली लावायला," मुलगी म्हणाली. बापाकडे न बघता.

"तू? सहा वर्षं काय शिकवलं मी तुला? अक्कल गहाण टाकलीस का गं? यापुढे माझ्याकडे येऊ नकोस!"

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं.

"ती खोटं बोलतेय," ते म्हणाले. "मी लावली, सकाळी. तिला ठाऊक नव्हतं. आणि तिने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो."

बाईंनी बूट हळूच खाली ठेवला. त्या बाहेर गेल्या.

"आता कशाला सांगितलंत?" मुलगी भिंतीकडे बघत म्हणाली. "तिथे कठड्याशी सांगायचं होतंत. मी वाट बघत होते."

ते खाली बसले आणि तिच्या दुसऱ्या पायातल्या बुटाच्या नाडीला हात घातला. तिने पाय मागे घेतला, ओठ दाताखाली धरून वाकली आणि एकेक गाठ स्वतःच सोडवू लागली. तिला फार वेळ लागला. ते तिथेच बसून बघत राहिले.