तिसरी दोरी

अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. इथले अनुभव वाचून "जरा झोप घेत जा" अशी कमेंट टाकणाऱ्यांपैकी मी एक. आज स्वतःच लिहायला बसलोय... हसा खुशाल.

मी मूळचा यवतमाळचा, सध्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. माझा मोठा भाऊ पुण्यात उंच बिल्डिंगांना बाहेरून रंग द्यायचा – गच्चीवरून वायरींवर सोडलेल्या झुल्यात उभं राहून. नियम असा, की अंगावरच्या पट्ट्याचा हूक झुल्याला नाही, गच्चीवरून सोडलेल्या वेगळ्या दोरीला लावायचा. झुला तुटला तरी माणूस दोरीवर राहतो. दादाने हूक झुल्याच्याच दांडीला लावला होता. हालचाल मोकळी होते म्हणून बरेच जण लावतात. वायर तुटली, झुला खाली गेला आणि त्याच्याबरोबर दादाही.

म्हणून मी झुल्याच्या कामावरचा सुपरवायझर व्हायचं ट्रेनिंग घेतलं. आई म्हणाली, "आता कोणाले वाचवशीन रे?"

प्रॅक्टिकल खडकीजवळच्या एका साइटवर होतं. भर दुपार, लख्ख ऊन. झुल्यात दोन रंगारी, त्यांच्या दोन दोऱ्या. तिसरी जास्तीची, खाली मोकळी सोडलेली. तिचं वरचं टोक गच्चीवरच्या पाइपला वेढे देऊन बांधलेलं आणि तिच्यापाशी मी. तिथली पद्धत अशी, की हूक लावला की खालच्याने दोरीला दोन हिसके द्यायचे. वरच्याच्या हाताला लागले की त्याने "हां" म्हणायचं.

दोन्ही रंगाऱ्यांचे हिसके आमचे ट्रेनर शेख सर यांनी घेतले. मग माझ्या दोरीला दोन हिसके बसले.

मी सवयीने "हां" म्हणालो आणि वाकून पाहिलं. दोरीवर कोणीच नव्हतं. पण ती ताठ झाली होती... माणसाच्या वजनाने होते तशी. कठड्यावर करकरत होती.

"सर, हिच्यावर कोण आहे?"

शेख सर पक्के पुणेकर. "असतील तुमचे पाहुणे. चहा विचारा," म्हणत आले आणि दोरीवर हात ठेवला. आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

खाली कोण आहे, मला कळलं होतं. कसं, ते विचारू नका. मी दोरी दोन्ही हातांनी धरून वर ओढू लागलो – तसूभर हलेना. मी रडत होतो बहुतेक.

रंगारी झुला खाली उतरवत होते. तेवढ्यात वाऱ्याने तो सरकला आणि त्याचा कोपरा त्या ताठ दोरीत अडकला. दुसरी बाजू खाली जातच राहिली. झुला तिरका झाला. दोघं आपापल्या दोरीवर लटकले असते खरे, पण झुला उलटून त्यांच्यावरच आपटला असता.

"साब, रस्सी ढीली करो! पलट जाएगा!" झुल्यातून एक रंगारी ओरडला.

सरांनी माझा खांदा धरला. "सोड बेटा. खाली जिवंत माणसं आहेत."

मी वेढे काढले. दोरी तळहात सोलत सरसर गेली. खाली नुसती दोरी पडली, बाकी काही नाही. झुला सरळ झाला. दोघं सुखरूप उतरले, चहा प्यायले आणि परत कामाला लागले.

दोरी कशाने ताणली गेली, मला आजही माहीत नाही. सरांना विचारलं की ते विषय बदलतात. मी पास झालो, कामाला लागलो. दोन जीव वाचवले म्हणून लोक शाबासकी देतात, आणि मला ती ऐकवत नाही. दादा पडला तेव्हा वर त्याला धरणारं कोणी नव्हतं. या वेळी मी होतो... आणि मीच सोडलं.