एक कच्चा टाका

गादीचं तोंड शिवण्याआधी चाचा उजवा हात खांद्यापर्यंत आत घालायचे. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून कापसात चाचपायचे आणि अगदी हळू विचारायचे, "कोन हाय आत?"

आतून अर्थातच कुणी बोलायचं नाही. तरी ते उत्तरासाठी जरा थांबायचे. मग हात बाहेर काढून, बाहीचा कापूस झटकून गिऱ्हाइकाला सांगायचे, "कोनी न्हाई. शिवतो."

नवं गिऱ्हाईक हसायचं. "चाचा, गादीत भाडेकरू ठेवला काय?" म्हणायचं. चाचाही हसायचे आणि दाभणात दोरा ओवायला लागायचे. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं मत झालं, की या माणसाच्या डोक्याचा एखादा टाका उसवलाय. तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेलच. आधी आपण त्याला वेडा ठरवून मोकळे होतो आणि मग वर्षानुवर्षं त्याच्याकडेच बघत बसतो.

कळमनुरीत बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची दोघांची घरं एकमेकांना चिकटून. मधली भिंत एकच. अलीकडे मी पापड-कुरडया करून विकते, पलीकडे त्यांचं कापूस पिंजायचं मशीन. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत मशीन, कापसाचे ढीग, अर्धवट गाद्या. मागच्या खोलीत गॅसची शेगडी, खाट आणि ते स्वतः. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी परभणीला दिलेली.

मशीन सुरू झालं की कापसाची लव पत्र्याच्या फटीतून वर यायची आणि थेट माझ्या कुरडयांवर उतरायची. मी भिंतीवरून ओरडायचे, "चाचा, लोक म्हणतात माझ्या कुरडयांना केस आले!"

"बाई, तळल्यावर न्हाई दिसत," पलीकडून शांतपणे उत्तर यायचं.

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? दुसऱ्या दिवशी जुन्या खोळींचं एक मोठं झाकण शिवून ते माझ्या दारात उभे राहिले. माझ्या वाळवणाच्या खाटेला ते बोटभरही कमी-जास्त झालं नाही. माप कधी घेतलं होतं, देव जाणे.

त्यांच्या घरात मांजर होतं. पांढरंशुभ्र, नाकाजवळ एवढा एक काळा ठिपका. नाव सरकी. पिंजलेल्या कापसात चुकून एखादी सरकी राहून जावी, तशीच ती ढिगात पडलेली असायची. डोळे मिटले की दिसायचीच नाही. आणि डोळे मिटलेले नसले की विचारूच नका. उडणाऱ्या लवेवर झेप घे, दोऱ्याचं टोक ओढ, मशीनचा पट्टा फिरायला लागला की त्याच्यावर नजर लावून शेपटी हलवत बस. कुत्र्यांनी भरलेल्या गल्लीत सुरक्षित राहील एवढी अक्कल तिच्यात नव्हती, आणि काट्यांचा ढोल गरगर फिरणाऱ्या त्या घरात तर नव्हतीच नव्हती.

मग सगळं घरच तिच्या मापानं शिवायला घेतलं त्यांनी. तेलाचा डबा कापून, ठोकून सपाट केला आणि पट्ट्यावर बसवला. जुन्या कूलरची जाळी मशीनच्या तोंडाभोवती वळवली. दोऱ्याचा तुकडा जमिनीवर पडू द्यायचा नाही, कापला की खिशात. पोटात दोरा गेला तर मांजराची आतडी गोळा होतात, असं त्यांना जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. त्यामुळे त्यांच्या सदऱ्याचे खिसे कायम फुगलेले. मशीनचं बटण दाबण्याआधी ती पळावी म्हणून काठीनं पत्रा वाजवायचा, ते वेगळंच.

आणि तिच्या गळ्यात लाल चिंधी. पांढऱ्या ढिगात निदान ती तरी दिसावी. एकदा मी जवळून पाहिलं, तर चिंधीची टोकं एकाच दोऱ्यानं, तेही अगदी सैल, जोडलेली. गादीला असा टाका मारतात की बैल जुंपला तरी तुटू नये, आणि इथं हे.

"चाचा, हे आज ना उद्या निघून पडेल."

"पडू द्या ना. कच्चा टाका हाय. कुटं अडकली तर टाका तुटंल, मान न्हाई तुटायची." मग तिच्या कानामागं खाजवत म्हणाले, "बाई, अडकलं तर तुटलं पायजे. न्हाई तर जीव जातो."

हे सगळं ठीक होतं. खरा घोळ होता खिडकीचा. पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडायची, आणि रस्त्यावर ट्रक. उघडी ठेवली की सरकी बाहेर. जाळी लावून पाहिली, तर चार दिवसांत लव बसून जाळीची भिंत झाली. शेवटी चाचांनी खिडकीला फळी ठोकली. दारही कायम ओढलेलं. कोणी आलं की आधी, "दार लावा, दार लावा!" पंखा लावता येत नाही, कापूस उडतो. ऐन मे महिन्यात त्या बंद खोलीत नाकाला दस्ती बांधून ते पिंजत बसायचे. बाहेर येऊ न शकणारी सगळी लव मग आत कुठं जात असेल, हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो? त्यांचा खोकला मला भिंतीतून ऐकू यायचा.

"फळी काढा हो, गुदमरून मराल," मी म्हणायचे.

"आत ठिवलं की रडती, बाहेर सोडलं की मरती. सांगा, काय करावं मानसानं?"



एका लग्नसराईत शिरड शहापूरकडची मंडळी आली. मुलीची गादी करायची होती. मुलगी स्वतः आणि तिचा मामा असे दोघं टेम्पो घेऊन आले. वारंगा फाट्याला पाहुण्यांकडे दोन पेट्या उचलायच्या, तिथून पुढं घरी. मी कुरडयांचंच गाऱ्हाणं घेऊन तिथं गेले होते. लाईट उशिरा आलेली, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, मामा घड्याळ दाखवत होता. त्यात चाचांना खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांतून पाणी. त्या उबळीतच त्यांनी गादीचं तोंड शिवलं. टेम्पो गेला.

मग खाली वाकून ते दोऱ्याचे तुकडे गोळा करत होते. गादी ठेवली होती तिथंच लाल चिंधी पडलेली. टाका तुटलेला.

"सरकी," त्यांनी हाक मारली. ढिगात हात घातले. मागच्या खोलीत बघितलं. पुन्हा हाक मारली. मग माझ्याकडे वळले, तेव्हा त्यांचा चेहरा त्या कापसासारखाच झाला होता.

"मी हात न्हाई घातला, बाई. आज मी आत हातच न्हाई घातला."

मी स्कूटी काढली. नांदेडच्या रस्त्याला चाचांना मागं बसवून एवढ्या वेगानं मी कधी गेले नव्हते आणि पुन्हा जाणार नाही. मागून फक्त त्यांच्या छातीचा शिट्टीसारखा आवाज येत होता. गादी घट्ट भरलेली, वरून ऊन. आत काय होत असेल, ते दोघांच्याही डोक्यात होतं.

टेम्पो वारंगा फाट्यावर हॉटेलसमोर उभा सापडला. चाचांना बोलायला दम नव्हता. ते नुसते गादीवर पंजा ठेवून उभे राहिले, म्हणून मीच सगळं सांगितलं. मामा उसळला.

"नवरीच्या गादीला कातर लावता? लग्न तोंडावर आलं, अन् हे अपशकुन काहून करून राहिले तुमी? जाऊ द्या, मांजर घरीच आसंल कुटं तरी."

माणसं जमली. जो तो आपलं मत सांगू लागला. एक जण गादीला कान लावून म्हणाला, काही आवाज नाही. ते ऐकून चाचा शिवणीवर बोटं फिरवायला लागले.

तेव्हा पुढच्या सीटवरून ती मुलगी उतरली. हाताला मेंदीसुद्धा लागलेली नव्हती अजून. म्हणाली, "मामा, आत जीव आसंल, तर मी त्याच्यावर झोपू व्हय?" आणि चाचांना म्हणाली, "उसवा तुमी."

हॉटेलवाल्याच्या खाटेवर गादी उतरवली. चाचांनी तोंड उसवलं, हात खांद्यापर्यंत आत घातला, डोळे मिटले. 

"कोन हाय आत?"

काही नाही. मग त्यांनी मूठमूठ करत सगळा कापूस बाहेर काढला. वाऱ्यानं तो रस्त्याकडं जायला लागला, तर ती मुलगी आणि मी ओढण्या-पदर पसरून तो अडवत होतो. खोळ रिकामी झाली. सरकी नव्हती.

पुन्हा भरली, काठीनं बडवली. तोंड शिवताना मुलीनं कापड धरलं. चाचांनी तरीही हात आत घातलाच, आणि या वेळी कुणी हसलं नाही. मामानंच शेवटी चहा आणून दिला, कपाळाला आठी तशीच ठेवून.

परत येताना मी स्कूटी हळू चालवत होते. मागून ते बोलायला लागले.

"ही एकटी न्हाई व्हती, बाई. जुनी गादी पिंजायला आलती. कोपरा फाटलेला. म्या बघितलंच न्हाई, कापूस वडत गेलो, मशीनला देत गेलो. मंग हाताला गरम लागलं. ही."

"आणि बाकीची पिल्लं?" मी विचारलं.

त्यांनी बाहीवरचा कापूस झटकला. मग म्हणाले, "मशीन लई जोरात चालतं."

मला तो दिवस आठवला. भर दुपारी, लाईट असताना, पलीकडचं मशीन अचानक बंद पडलं होतं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत सुरू झालं नव्हतं. त्या वेळी मी खूश झाले होते, कुरडया स्वच्छ वाळल्या म्हणून.

घरी येऊन दार उघडलं, तर बाईसाहेब मांडणीवरच्या रिकाम्या खोळीच्या घडीतून डोकं बाहेर काढून जांभई देत होत्या. चाचा उंबऱ्यावर बसले आणि लहान लेकरासारखे रडले. मीही रडले. काहून लपवू?

त्यानंतर त्यांची छाती धड झालीच नाही. नांदेडच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि सरळ सांगितलं, कापूस सोडा नाही तर जीव सोडा. चाचांनी तो फोटो माझ्या खिडकीच्या उजेडात धरला. पांढरे डाग दाखवत म्हणाले, "बघा, गादी भरलीय पुरी. आता निस्तं तोंड शिवायचं ऱ्हायलं." असलं बोलून वर हसायचे.

त्यांची मुलगी रोज फोन करायची, परभणीला या म्हणून. एकदा सरकीला टोपलीत घालून गेलेही. आठवड्यात परत. "तिसरा मजला. खिडकीला गज, दाराला जाळी. नातवाला मांजराच्या केसानं शिंका येतात, म्हून ही न्हानीत कोंडलेली. ही आतून रडती, मी बाहेरून." पुन्हा नाकाला दस्ती बांधली आणि मशीन सुरू. इथं श्वास अडकलेला, तिथं जीव. त्या दोन्हींच्या मध्ये सरकी, नेहमीसारखी लवेवर उड्या मारत.

एका रात्री भिंतीपलीकडचा खोकला थांबेचना. सकाळी मी गेले आणि म्हटलं, "चाचा, मांजर मला द्या. तुम्ही जा."

"तुमाला आवडत न्हाई ती."

"नाही आवडत. तरी द्या."

 त्यांनी सुईदोरा आणला, मला समोर बसवलं आणि चिंधीला टाका घालायला शिकवलं. मी घातला, त्यांनी ओढून बघितला. "पक्का झाला. सैल घाला." पुन्हा घातला. "अजून सैल. तुमचा हात भेतो, बाई."

मशीन गेलं, घराला कुलूप लागलं. निघताना त्यांनी सरकीला हातसुद्धा लावला नाही. रिक्षात बसल्यावर मात्र उतरून परत आले आणि माझ्या कपाटाचं दार उघडून आत वाकून बघितलं. "बंद करायच्या आधी रोज इचारत जा," एवढंच म्हणाले.

परभणीहून फोन यायचे. दम बरा होता. "खिडकीत बसतो. गज मोजून झाले," म्हणायचे. मी फोन सरकीजवळ धरायचे. ती फोनवर पंजा मारायची आणि पलीकडे ते हसायचे. त्यांना पाठवलं हे मी चांगलं केलं, असंच मी सगळ्यांना सांगते. मला कुणी मान खाली घालायला लावू शकत नाही.

गेल्या थंडीत त्यांच्या मुलीचा फोन आला. तिकडंच माती दिली. शेवटी-शेवटी पांघरूण घालायला गेलं की ते म्हणत, आधी आत हात घालून बघ.

त्याच दिवशी सरकी शेजारच्या पत्र्यावरून उडी मारून आली, तर गळा मोकळा. चिंधी खिळ्याला लटकत होती. मी ती काढली, सुई घेतली आणि टाका घातला. एक घातला, दुसरा घातला, तिसरा घातला. ओढून बघितला. बैल जुंपला तरी तुटला नसता. आता हिला काही झालं तर कुणाला तोंड दाखवू? आणि तोंड दाखवायला तरी आता आहे कोण?

सरकी माझ्या मांडीवर बसून दोऱ्याच्या टोकाशी खेळत होती. मी कातर घेतली आणि तिन्ही टाके कापून टाकले. तुकडे परकराच्या खिशात घातले. मग नवा दोरा ओवला आणि एकच घातला, सैल.

"अजून सैल," मी स्वतःलाच म्हटलं, आणि पुन्हा उसवला.