मंडळाच्या पातेल्याला भोक

टोकियोतल्या फुनाबोरीत मी एकटा राहायचो, म्हणून मराठी मंडळाचं मोठं पातेलं माझ्याकडे होतं. तसा अलिखित नियमच होता. गणपती झाले की तीस लिटरचं ते स्टीलचं धूड, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या घरी जायचं. संसारी माणसांकडे जागा नसते आणि एकट्याकडे जागाच जागा असते, असा सर्वांचा समज. माझी खोली सहा तातामींची, म्हणजे सहा चटया मावतील एवढीच होती. पातेलं बाल्कनीत पडलं आणि मी त्यात कांदे-बटाटे ठेवू लागलो. सहा-सात महिन्यांत ते मला माझंच वाटायला लागलं. जे सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, आणि जे कोणाचंच नाही ते ज्याच्या बाल्कनीत त्याचं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले आठवडाभर एका बँकेच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचो आणि शनिवार-रविवारी स्वतः नव्या चुका करायला मोकळे असायचो. मी घरी बिअर करायचं ठरवलं. जपानात घरच्या बिअरमध्ये अल्कोहोल एक टक्क्याच्या आत असावं लागतं. साहित्य मात्र दुकानात उघड मिळतं, वर तशी सूचना छापून. इंटरनेटवरच्या सगळ्या जाणकारांचं एका बाबतीत एकमत होतं: जवाचा उकळता काढा उचलून ओतू नका, पातेल्याला तळाशी बॉल व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे नळासारखा सोडता येतो. मी तातडीने अमेरिकेहून व्हॉल्व्ह मागवला. पातेलं कोणाचं आहे हे आधी बघा, असं मात्र कोणीच लिहिलं नव्हतं.

भिंती पातळ, घरी ड्रिल चालवणं शक्य नव्हतं. पातेलं सायकलला बांधून मी होम सेंटरमध्ये, म्हणजे हत्यारं आणि घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे लोकांना काम करायला एक छोटी कार्यशाळा होती आणि ती सांभाळायला एप्रन घातलेले एक साठी उलटलेले गृहस्थ होते. कशासाठी, त्यांनी विचारलं. माझं जपानी ऑफिसपुरतं. चार प्रकारे माफी मागता येत होती, पण बिअरचं नाव काढायचा धीर होईना. डाळीच्या सुपासाठी, मी म्हणालो. किती माणसांच्या? दीडशे. ते सरळ उभे राहिले. त्या क्षणापासून ते काम माझं उरलं नाही.

अमेरिकन व्हॉल्व्हचे आटे जपानी नटाला जुळेनात. दोन फेरे गेला आणि अडकला. मी टेप गुंडाळून पाना मारणार होतो. त्यांनी दातांतून हवा आत ओढली, म्हणजे नाही. इथलाच व्हॉल्व्ह घ्यायला लावला. आधी बारीक भोक, तेलाचे थेंब, मग हळूहळू मोठं. कडा घासून त्यावरून स्वतःचं बोट फिरवलं. आतबाहेर सिलिकॉनची चकती घालून पातेलं पाण्याने भरलं आणि आम्ही दोघं अर्धा तास स्टुलावर बसून ते गळतंय का ते बघत राहिलो. इतकं गंभीर टेस्टिंग मी ऑफिसात कधी केलं नव्हतं. एक थेंब आला नाही.

बिअर मी एकदाच केली. ती शिळ्या ताकासारखी झाली. कायदा मोडण्याइतकी धमक तिच्यात नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी काकूंचा फोन आला. काकू म्हणजे आमच्यातल्या एका बँक अधिकाऱ्याच्या पत्नी. गणपतीच्या जेवणाचं वरण दरवर्षी त्याच करायच्या, आंघोळ करून, नैवेद्य होईपर्यंत कोणाला चव न बघू देता. रविवारी सकाळी पातेलं हॉलवर आण, म्हणाल्या. माझं धाबं दणाणलं. एवढं दुसरं पातेलं मिळेना, आणि व्हॉल्व्ह काढला तरी भोक राहणारच होतं. मी स्वतःशी वकिली केली: बिअर आंबली ती प्लास्टिकच्या बादलीत, पातेल्यात फक्त जव उकळले, आणि जव तर होमातही घालतात. युक्तिवाद बिनतोड होता, पण तो काकूंपुढे मांडायची छाती नव्हती. दर दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो. त्या देशात मला न विचारता पोळी वाढणारं तेवढंच एक घर होतं, आणि ते मला गमवायचं नव्हतं.

काकूंनी तोटीकडे बघितलं. हे काय, त्यांनी विचारलं. वाढायला सोपं जावं म्हणून, मी म्हणून गेलो. त्यांनी ती दोनदा उघडली, दोनदा बंद केली, आणि डाळ शिजवायला घेतली. जेवणाच्या वेळी तोटीखाली भांडी भरू लागली तेव्हा लोक जेवण सोडून बघायला आले. अध्यक्षांनी माइकवरून माझ्या निःस्वार्थ सेवेचा उल्लेख केला. मला नारळ दिला. तो मी वाकून घेतला.

आवराआवर चालू असताना काकूंनी मला बाजूला बोलावलं. स्टुलावर बसल्या होत्या.

"तीन वर्षं झाली, हा खांदा वर जात नाही," त्या म्हणाल्या. "स्टुलावर चढून डावाने वरण काढायचे, मग दोन दिवस ठणका. कोणाला बोलले नाही. बोलले असते तर वरण दुसऱ्या कोणाकडे गेलं असतं. ह्यांनाही माहीत नाही रे. तुझ्या कसं लक्षात आलं?"

तेव्हा मला आठवलं, वाढताना त्या डाव्या हाताने उजवं कोपर धरायच्या. वर्षभर, माझ्यासमोर. माझं लक्ष पोळीकडे असायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आलं लक्षात," मी म्हणालो.

त्यांनी चांगल्या हाताने माझ्या पाठीवरून हात फिरवला.