रेखाच्या ग्रुपवर श्रद्धांजली टाकू नका

रेखा आज पहाटे गेली. कॅन्सर होता. ग्रुपवरच्या लोकांना माहीत नव्हतं, कारण तिनं कळू दिलं नाही.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते. आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी पाळी येते, कधी पहाटे, कधी भर दुपारी. तेव्हा मोटर लावली नाही तर पुढच्या पाळीपर्यंत बोंब.

रेखा माझी शेजारीण. कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, नवरा सुधीरभाऊ कंडक्टर, मुलगी बारावीत. तिनं एक ग्रुप काढला. पाणी ज्याला आधी दिसेल त्यानं लिहायचं, "आलं." बस्स.

बघता बघता आमच्या अख्ख्या भागात असे ग्रुप झाले. ज्या गल्ल्यांना पाणी एकत्र सुटतं त्यांचा एक ग्रुप, त्यांचा एक अॅडमिन. वर अध्यक्ष नाही, खाली कार्यकर्ते नाहीत.
बॅनर न लावता सोलापुरात चाललेली ही एकच गोष्ट असावी.

आणि शिव्या खायला मात्र एकटी रेखा.

वेळ तिच्याकडे कधीच नव्हता. बसस्टॉपवर बस येईपर्यंत जेवढा मिळेल तेवढा. मग दुखणं आलं आणि तोही हॉस्पिटलकडे वळला.

एकदा तिला सलाईन लावलेलं होतं, मी शेजारी बसले होते. ग्रुपवर मेसेज आला, मागच्या गल्लीतल्या व्यंकटेशअण्णांचा. टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत.
"आज पाळी हाय म्हणून तुमच्या मेसेजवर थांबलो, कामावर खाडा पडला, पाणी आलंच न्हाय. अॅडमिनबाईला टाइम नसंल तर ग्रुप कशाला काढला वो? शायनिंग मारायला?"

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "सांग की त्यांना, आत्ता कुठं पडलीयस ते."

"सांगितलं की सगळे गप बसतील गं. मग माझं चुकलेलं मला कोण सांगणार?"

आणि दुसऱ्या हातानं टाइप करून तिनं उत्तर पाठवलं.
"बरोबर आहे तुमचं अण्णा. मेसेज चुकला. मला वेळ कमी पडतो. आजपासून आपल्या ग्रुपचे अॅडमिन तुम्ही."

अण्णा चिडले. पण दुसऱ्या पाळीपासून त्यांचा मेसेज सगळ्यात आधी यायला लागला.

ही तिची पद्धतच होती. जो जास्त बोंबलेल त्याच्या हातात ग्रुप. "जो ओरडतो ना, त्याचं नळाकडं लक्ष असतं," म्हणायची. असे तिनं बरेच जण कामाला लावले. घाई कसली होती ते फक्त तिच्या घरच्यांना आणि मला ठाऊक होतं. आपल्यामागं हे चाललं पाहिजे, एवढाच तिचा घोर होता.

तिनं सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती नियमांवरून. गुड मॉर्निंग नाही, वाढदिवस नाही, श्रद्धांजलीसुद्धा नाही. एका मेंबरचे वडील वारले तेव्हा तिनं ग्रुपवरचे सगळे मेसेज काढले आणि स्वतः त्यांच्या दारात जाऊन बसून आली. दारात गेलेलं कुणाला दिसलं नाही. मेसेज काढलेले सगळ्यांना दिसले.
"दगड आहे ही बाई," असं लिहिलं होतं एकानं.

आज सकाळी त्याच ग्रुपवर तिचा फोटो पडला. भोवती झेंडूची फ्रेम, खाली समई. मग जी रीघ लागली ती थांबेना. भावपूर्ण, ओम शांती, हात जोडलेले, परत हात जोडलेले.

त्या गर्दीत अण्णांचा मेसेज होता. "पाणी आलं. मोटर लावा."
त्याच्याखालीही कुणीतरी लिहिलंय, "ओम शांती."

आमची गल्ली सगळी रेखाच्या दारात उभी होती. गाडी हॉस्पिटलमधून यायची होती. फोन सारखे वाजत होते म्हणून आम्ही ते बंद करून पर्समध्ये टाकले होते. पाणी आलं आणि गेलं. मागच्या पाळीला पाच दिवस झालेले, सगळ्यांच्या टाक्या तळाला लागलेल्या. रेखाच्या घरची तर कोरडीच, दोन आठवडे घरात कोण होतं?

तिला आणलं. आंघोळ घालायची वेळ झाली.
आमची टाकी वाकडी करून जे निघालं ते गढूळ होतं. ते कसं घालणार हिच्या अंगावर?

कोपऱ्यावरून जार आणले. ते गार पाण्याचे. शेवटी शेवटी तिला पंख्याचा वारा सोसत नव्हता, म्हणून पोरगी म्हणाली, "मावशी, गरम करून घाला." तापवलं आणि घातलं.

अण्णा दोन कळशा घेऊन आले तेव्हा आंघोळ उरकली होती.
ते गेटपाशीच थांबले. "मी टाकला होता वो मेसेज," एवढंच म्हणत राहिले. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "आजारी होत्या? मग मला कुणी सांगितलं का न्हाय?"

मला राग आलाय. कुणावर काढू? प्रेमानंच लिहिलं सगळ्यांनी.

मघाशी अण्णांचा फोन आला. त्यांनी श्रद्धांजलीचे सगळे मेसेज काढून टाकलेत आणि लोक त्यांच्यावर तुटून पडलेत.
"ताई, लई शिव्या पडायल्यात. माणुसकी काढायलेत माजी. रेखाताई काय करायच्या वो अशा टायमाला?"

मी सांगितलं. जो तिला सगळ्यात जास्त बोलायचा, त्याला ती अॅडमिन करायची.

अण्णा म्हणाले, "म्हंजी मी."

"व्हय अण्णा. तुम्ही."

पलीकडं ते रडायला लागले.

रेखा, तुझ्यामागं नीट चालेल असं तुला खोटं सांगणार नाही. आज नाही चाललं.
दमली होतीस. जा आता, सावकाश जा.

ज्यांना काही बोलायचंय त्यांनी घरी या. सुधीरभाऊ आणि पोरगी दोघंच आहेत.