वाढदिवसाला शहर येईना

आत्या कवळ्या करायची. घरातच, खिडकीपाशी टेबल मांडून. गेली तीस वर्षं दातांच्या तीन डॉक्टरांची कामं तिच्याकडे येत. गुलाबी मेणात एकेक दात रोवायचा, मान तिरकी करून बघायचं, पुन्हा काढायचा. या कामाला शांतता लागते. लग्न केलं नाही ते त्यासाठीच, असं ती सांगायची आणि ऐकणाऱ्याला हसू आलं की चिडायची.

शहराच्या स्थापना दिनाची शाळेला सुट्टी होती. आत्याचा भाऊ बस चालवायचा, वहिनी नर्स. दोघांनाही सुट्टी नाही. सकाळी सातलाच भाऊ दोन्ही पोरं दारात उभी करून म्हणाला, "ताई, आजच्या दिवस बघ. शाळेनं सांगितलंय, घरी आनंदानं साजरा करा."

"आनंदानं? माझ्या दोन कवळ्या उद्या द्यायच्यात!"

पण भाऊ तोवर जिना उतरला होता.

ठमी सहा वर्षांची, बोका चारचा. आत्यानं कंबर कसली. सोनेरी कागदाचे मुकुट कापले, फुगे फुगवता फुगवता तिला घेरी आली, कोपऱ्यावरच्या बेकरीतून छोटा केक आणला. "आज आपल्या शहराचा वाढदिवस!" असं तिनं जाहीर केलं, आणि तिथंच तिचं चुकलं.

"मग शहर कुठंय?" ठमीनं विचारलं.

"म्हणजे काय? सगळीकडे आहे."

"ज्याचा वाढदिवस तोच नाही, मग मेणबत्ती कोण विझवणार?"

"तू विझव."

"माझा नाहीये वाढदिवस," ठमी म्हणाली. या पोरीशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

बोक्यानं उपाय काढला. तो गॅलरीत गेला आणि कठड्याच्या गजांतून तोंड काढून ओरडू लागला, "शहर, वर ये! केक आहे!" एकदा नाही, दहादा नाही, पाव तास. आत्यानं गोष्ट सांगून पाहिली, गाणं म्हणून पाहिलं, शेवटी धपाटा घालायची धमकी दिली. तिकडे टेबलावर मेण थंड होऊन बसलं होतं.

इतक्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गणिताचे निवृत्त मास्तर, हातात काठी, कपाळावर आठ्या. भांडायलाच आलेले. ते तोंड उघडणार तोच बोका किंचाळला, "आलं! शहर आलं!"

मास्तरांना काही कळायच्या आत ते खुर्चीत होते आणि डोक्यावर मुकुट होता. आत्यानं पुढं होऊन हळूच सगळा प्रकार सांगितला.

"पण स्थापना आज नव्हेच," मास्तर म्हणाले. "जुन्या कागदपत्रांप्रमाणे ती पुढच्या महिन्यात येते. ही तारीख साफ चुकीची—"

बोक्यानं भोकाड पसरलं. ठमीचाही ओठ थरथरला.

"मास्तर!" आत्याचा आवाज इतका चढला की तीच दचकली. "आज आहे! चार वर्षांच्या पोरासमोर आजच असतं! फुंका!"

मास्तरांनी निमूट फुंकली.

मग पोरं त्यांच्या मांडीवर चढली. "बाबांची बस तुझ्यावरून जाते, तेव्हा दुखतं का?" ठमीनं विचारलं.

मास्तरांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं डोळे वटारले.

"सवय झालीये," ते विचार करून म्हणाले. "खणतात तेव्हा मात्र दुखतं."

"कोण खणतं?"

"सगळेच. आज पाणीवाले, उद्या तारावाले. एकदाच काय ते खणा म्हणावं, तर नाही."

"गुदगुल्या कुठं होतात?"

"बाजारात," मास्तर म्हणाले आणि स्वतःच हसले.

आत्या गुपचूप टेबलाशी सरकली. तासाभरात तिनं एका कवळीचे खालचे दात बसवले, तेही तीनदा "आत्या, शहराला पाणी हवंय" म्हणून उठत. मास्तर तिच्या घरात पाणीसुद्धा मागतात, याचा तिला मनापासून राग आला.

संध्याकाळी भाऊ आला. "त्रास नाही ना दिला?"

आत्यानं दुसऱ्या कवळीचं बिनदातांचं मेण त्याच्यापुढं धरलं. त्यानं घाईघाईनं पोरांचे बूट शोधले.

पोरं गेली तरी मास्तर खुर्चीतच होते. मुकुट तिरका, हनुवटी छातीवर, घोरणं चालू. आत्यानं चार हाका मारल्या तेव्हा कुठं डोळे उघडले.

"केक उरलाय का?" त्यांनी विचारलं.

उरला नव्हता. आत्यानं कपाळावर हात मारला आणि चहाचं आधण ठेवलं.