खालची ओळ

बुवापाड्यात आमच्या घरामागच्या नाल्यात मासा नाही, बेडूक नाही. शेवाळ मात्र आहे. एमएस्सीला मी तेच घेतलं. कारखान्यांचं कॅडमियम, म्हणजे विषारी धातू, मिसळलेल्या पाण्यात ते तगतं कसं, हे शोधायचं होतं.

शेवाळातलं एक जनुक काढून मी यीस्टमध्ये घातलं. यीस्ट पावातलंच, पण विषारी धातूपासून वाचवणारं त्याचं स्वतःचं जनुक आधीच काढून टाकलेलं. मग कॅडमियम मिसळलेल्या खाद्याच्या प्लेटवर त्या यीस्टचे थेंब ठेवले. वरच्या ओळीत शेवाळाचं जनुक मिळालेलं यीस्ट, खालच्या ओळीत न मिळालेलं. वर पांढरे ठिपके फुगून आले. खाली काही उगवलं नाही. जनुकाचं काम कळलं, पण ते कळलं खालच्या ओळीमुळे.

"संशोधनाच्या पोस्टरवर फक्त वरची ओळ घे," माझे गाइड सर म्हणाले. "पाहुण्यांना मेलेलं काय दाखवायचं?"

पाहुणे म्हणजे नाल्याच्या वरच्या अंगाचे कारखानदार. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजला यंत्रं देणारे. मी नकार दिला, तर सरांनी स्वतःच प्लेटचा फोटो कापला आणि खाली माझं नाव ठेवलं.

पाहुणे पोस्टरसमोर खूश. "बघा, कॅडमियममध्येपण मस्त वाढतंय! आणि तुमचे बुवापाडावाले फुकट बोंबलतात. रविवारी बुवापाड्यात त्यांच्याबरोबर मीटिंग आहे, तिथे हेच लावतो. खाली त्यांच्याच पोरीचं नाव आहे, अजून काय पाहिजे?"

मी फ्रिजमधून प्लेट आणून त्यांच्यापुढे धरली. "खालचंही बघा, साहेब. यीस्ट तेच, विष तेवढंच. शेवाळाचं जनुक नाही, म्हणून मेलं. ते जनुक माझ्या आईतही नाही. तुमच्यातही नाही."

"सर, ही पोरगी इथे शिकते की मोर्चे काढते?"

"घरी पत्रकं छापतात हिच्या," सर दात काढत म्हणाले. "तिथलंच आहे सगळं."

तिथलंच होतं. पप्पा पत्रक छापताना आधी खालचं नाव तपासायचे. मजकुराची जबाबदारी त्या नावावर, म्हणायचे. मी टेबलावरचं ब्लेड उचललं आणि पोस्टरवरचं माझं नाव कापून घेतलं.

"गाइड दुसरा शोध," सर म्हणाले. आता दात दिसत नव्हते.

रविवारी ते पोस्टर बैठकीत लागलंच, खालच्या कोपऱ्यात भोक असलेलं. मी शेजारी अख्खा फोटो चिकटवला, दोन्ही ओळींचा, आणि खाली पेनाने माझं नाव लिहिलं. बायका आधी भोकाकडे बघायच्या, मग माझ्या फोटोकडे. आई पुढे आली. खालच्या ओळीवर बोट ठेवून तिने पाहुण्यांना विचारलं, "हे का कापलं हो?"